विल्फची बायको

मार्श लेनवरच्या स्टुडिओत विल्फ ऑटवेची बायको जितक्या वेळा मेली, तितक्या वेळा जगात कोणाचीच बायको मेली नसेल. कधी तिचा गळा आवळला गेला, कधी तिला थेम्समध्ये ढकललं, कधी तिच्या दुधात काहीबाही कालवलं. एकदा तर तिला चालत्या रेल्वेतून बाहेर फेकलं, आणि तेही एका दंतवैद्यानं. तिचं प्रेत मात्र कधी कोणाला दिसलं नाही. प्रेत दाखवायचं म्हणजे एक बाई बोलवा, तिला कपडे द्या, दिवसभर जमिनीवर निजवा आणि वर जेवायला घाला. त्यापेक्षा फोटो परवडायचा. इन्स्पेक्टर घरात शिरायचा, कपाटावरची फ्रेम उचलायचा, म्हणायचा, "हीच का ती?" आणि फ्रेममध्ये असायची विल्फची बायको.

स्टुडिओ म्हणजे पूर्वीची लाँड्री. लढाईत सगळी गल्ली हादरली तरी ही उभी राहिली, म्हणून सिनेमावाल्यांनी घेतली. तिथे खुनाचे सिनेमे निघायचे. तासाभराचे, काळेपांढरे, मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवायचे. ते बघायला म्हणून कोणी घरातून निघत नसे. लोक मध्येच आत यायचे, ओले कोट काढायचे, आइस्क्रीमवालीला खुणा करायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "कोण मेलं?"

"ती. फोटोतली."

"कोणी मारलं?"

"दंतवैद्यानं. मी शेवट आधी बघितलाय."

खेळ सलग चालायचे. ज्या जागी बघायला सुरुवात केली ती जागा परत आली, की लोक टोपी घालून चालू लागायचे. खुनी सापडला काय नि निसटला काय, त्यांची बस महत्त्वाची.

असे सिनेमे बॅसेट नावाचा दिग्दर्शक भराभर काढायचा. त्याच्याकडे एकच जिना होता. कठड्याला पितळी गोळे लावले की तो लॉर्डसाहेबांच्या घरातला, गोळे काढून सतरंजी फाडली की बंदरावरच्या खाणावळीतला. वर जाऊन हा जिना कुठेच पोचायचा नाही. वर चढलेला नट मागे लावलेल्या शिडीवरून गुपचूप उतरायचा. हे गोळे लावणं, सतरंजी फाडणं, टेलिफोन, पिस्तुलं, कुंड्या, अर्धवट प्यायलेले पेले, सगळं विल्फकडे. तपकिरी डगला घातलेला, खांद्यात वाकलेला, बोलण्यात कंजूष असा हा सामानवाला दिवसभर वस्तू जागच्या जागी ठेवायचा आणि संध्याकाळी मिसेस टट यांच्या घरातल्या भाड्याच्या खोलीत जाऊन स्वतःला जागच्या जागी ठेवायचा.

फोटोची गोष्ट अशी. साउथएंडच्या समुद्रावरच्या धक्क्यावर एका फिरत्या फोटोवाल्यानं नेस्ताचा, म्हणजे विल्फच्या बायकोचा, तो काढला होता. वाऱ्यानं केस उडालेले, ओठ जरासे विलग, डोळे थेट समोर. तो खिशात घेऊन विल्फ इटलीत लढायला गेला. तो तिकडे असताना त्यांच्या गल्लीवर बॉम्ब पडला आणि घर, लग्नाचा फोटो, तिचे कपडे, तिनं लिहिलेला एकेक कागद आणि नेस्ता, सगळं एका दमात गेलं. विल्फ परत आला तेव्हा गल्लीच्या जागी सरकारनं बांधलेली पत्र्याची घरं होती आणि एका दारात अनोळखी बाई पायपुसणं झटकत होती. तिनं विचारलं, "कोण हवंय?" तो म्हणाला, "कोणी नाही."

लोकांनी जे बोलायचं ते बोलून टाकलं. "वाईट झालं, विल्फ." मग जरा थांबून, "गारठा वाढलाय, नाही?" तिथली रीतच ही. दुःखाचं नाव एकदा घ्यायचं, आणि मग लगेच हवेकडे वळायचं, म्हणजे समोरच्याला रडावं लागत नाही आणि आपल्याला बघावं लागत नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. गल्लीगल्लीत कोणी ना कोणी गेलं होतं, कोण कोणाला विचारणार? पण परिणाम असा, की नेस्ता कशी होती हे विल्फला कोणी म्हणजे कोणीच विचारलं नाही.

मग एका सकाळी बॅसेट सामानखोलीत घुसला. "विल्फ, मला जेवणाच्या सुट्टीआधी एक मेलेली बाई हवी."

"कशी?"

"कशीही. फ्रेममध्ये बसली म्हणजे झालं. जिचा फोटो घेणार होतो, तिला गालगुंड झालंय."

विल्फच्या फळीवर, डिंकाच्या बाटलीशेजारी नेस्ता उभी होती. त्यानं दुसरं काही शोधलंही असतं, पण बॅसेटनंच ती उचलली, "ही चालेल" म्हणाला आणि गेला. विल्फ मागोमाग गेला तो फोटोला डाग पडू नये म्हणून. सेटवर त्याच्या हातात कोणीतरी कुंडी दिली, तो ती धरून दिव्यांच्या मागे उभा राहिला. इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या गॉडफ्री लेथमनं फ्रेम हातात घेतली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि त्या खर्जातल्या आवाजात म्हणाला, "किती मायाळू चेहरा आहे, सार्जंट. अशा मुलीच्या जिवावर कोण उठलं असेल?"

 कोणीतरी तिच्याकडे बघून बोललं होतं. खोटं असेना, लिहून दिलेलं असेना, बोललं होतं. लेथमनं ते वाक्य दिवे नीट होईपर्यंत चार-पाचदा म्हटलं. विल्फची कुंडी हलत होती आणि कोणीतरी ओरडलं, की ते झाड वाऱ्यात का आहे?

तेव्हापासून पायंडाच पडला. "फोटो कोणाचा?" "विल्फच्या बायकोला आणा." कधी चांदीची फ्रेम, कधी लाकडी, कधी नुसता फोटोच पाकिटात. एकदा विल्फनं फ्रेम इतकी घासूनपुसून आणली, की चकाकीनं कॅमेऱ्याला दिसेना, मग तिच्यावर साबण चोपडावा लागला. पडद्यावर तोच चेहरा वर्षानुवर्षं मरतोय हे एकाही प्रेक्षकाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं, त्या वेळी तो खिशात सुटे पैसे चाचपत असायचा. आणि प्रत्येक सिनेमात तिच्याबद्दल सगळे चांगलंच बोलायचे. मेलेली बाई चांगली असली की खुनी आपोआप वाईट ठरतो, फार लिहावं लागत नाही. विल्फ अशा शॉटना काही ना काही हातात घेऊन हजर असायचा. सिनेमा लागला की शनिवारी दुपारी एकटाच जाऊन बसायचा. पडद्यावर नेस्ताचं तोंड बसएवढं मोठं व्हायचं आणि लेथम म्हणायचा, तिच्यासारखी माणसं राहिली नाहीत. विल्फला वाटायचं, घरचं माणूस भेटायला आलंय.

मिसेस टट यांच्या टेबलावरसुद्धा तो क्वचित तिचं नाव घेऊ लागला. एकदा रेडिओवर कोणी बाई गात होती, तेव्हा आपणहून म्हणाला, "माझ्या नेस्ताचा आवाज असाच होता." मिसेस टट यांनी त्याला एक बटाटा जास्त वाढला. दुसऱ्यांदा, मांजर पायात आलं तेव्हा, "नेस्ताला मांजरांचा फार लळा." एवढंच. त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

त्या नोव्हेंबरात धुकं असं दाटलं, की माणसं कुंपणाला हात लावत चालायची. विल्फच्या छातीत कफ भरला आणि सोमवारी-मंगळवारी तो अंथरुणातून उठला नाही. बुधवारी घशाभोवती लोकरी पट्टा गुंडाळून कामावर आला, तर नवा सिनेमा सुरू झालेला. त्यानं वस्तू काढायला म्हणून संहिता चाळली आणि खाली बसला.

या खेपेला मेलेल्या बाईचं नाव व्हेरा. खाणावळीत राहणारी. आणि ही व्हेरा म्हणजे नुसती विषवल्ली. घरातल्या प्रत्येकाला तिचा जीव घ्यावासा वाटत होता आणि प्रत्येक जण इन्स्पेक्टरला तसं तोंडावर सांगत होता. तोंडाळ, हेकट, कजाग. मेली ते बरं झालं. पानंच्या पानं हेच. कपाटावर फोटो, आणि फोटोकडे बघून हे सगळं.

विल्फ फळीकडे वळला. फळी रिकामी होती. तो तसाच सेटवर गेला, कपाटावरची फ्रेम उघडली, नेस्ताला बाहेर काढलं, डगल्याच्या खिशात घातलं आणि फ्रेममध्ये एका जुन्या कॅलेंडरवरची बाई सरकवली. कोणाला काही बोलला नाही.

पण मिस क्विल होती ना. मागच्या शॉटमध्ये सिगारेट केवढी उरली होती, टाय कुठे वळला होता, हे ध्यानात ठेवणं हेच तिचं काम. ती चष्मा सावरत आली आणि किंचाळलीच. "ही कोण?"

"व्हेरा," विल्फ म्हणाला.

"विल्फ, सोमवारी आम्ही शेवट घेतलाय! लेथमसाहेब फोटो हातात धरून अख्खं भाषण देतात. तुझ्या बायकोचा फोटो. तिथे ती आणि इथे ही कॅलेंडरवाली? खून कोणाचा झाला मग?"

"मला न विचारता घेतला."

"नेहमीच घेतो की! तू कधी नाही म्हणालास?"

हे खरंच होतं. सिनेमा असा उलटासुलटाच व्हायचा, शेवट आधी, सुरुवात नंतर, ज्या दिवशी जो नट रिकामा. सोमवारचं काम परत करायचं म्हणजे पुन्हा दिवे, पुन्हा माणसं, पुन्हा दिवस. बॅसेटकडे जास्तीचा दिवस कधीच नसायचा. तो आला, त्यानं ऐकलं, कपाळावर हात मारला. "अरे, मी काय तुझ्या बायकोला शिव्या देतोय? ती व्हेरा आहे! तू चांगला शहाणा माणूस, तुला आज काय झालं?"

"फोटो मिळत नाहीये, साहेब," विल्फ म्हणाला आणि सामानखोलीत जाऊन त्यानं दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखादी वस्तू जागच्या जागी ठेवायला नकार दिला होता.  नोकरी जाईल हे त्याला कळत होतं. पण इतकी वर्षं जिथे तिचं कौतुक ऐकलं, त्याच जागी उभं राहून तिला कजाग म्हटलेलं ऐकायचं? एवढं एकच ठिकाण होतं त्याला, आणि तेही नासायला निघाले होते.

दारावर टकटक झाली. लेथम आत आला. अंगावर इन्स्पेक्टरचा रेनकोट होता. तो त्याचा स्वतःचाच. स्वतःचे कपडे घेऊन येणारा नट बॅसेटला फार आवडायचा. हातात चहाचे दोन कप. त्यानं एक विल्फसमोर ठेवला आणि न्हाव्याच्या दुकानाच्या सेटवरची खुर्ची ओढून तिच्यात बसला.

"बॅसेट म्हणतो, तू संपावर गेलायस."

"संप नाही. फोटो सापडत नाही."

"तुझा डावा खिसा चौकोनी दिसतोय, विल्फ. इतकी वर्षं इन्स्पेक्टर आहे मी. एवढं तरी येणारच."

विल्फनं खिशावर हात ठेवला. लेथम चहा पीत राहिला.

"माझं ऐक. ते तुझ्या बायकोला नाही बोलत आहेत."

"तोंड तिचं आहे."

"आजवरही तिचंच होतं."

"आजवर तुम्ही चांगलं बोलत होता," विल्फ म्हणाला, आणि मग त्याला थांबवेना. "सगळे चांगलं बोलत होता. दुसरं कोण बोलतं तिच्याबद्दल? मला कोण आहे, साहेब? मी घरी जातो, तिथे मोहरीची बरणी इकडे द्या, तिकडे द्या. इथे निदान कोणी तिच्याकडे बघून म्हणायचं, की ती चांगली होती. आता तेही नको का?"

 लेथमनं कप मांडीवर ठेवला. मग एकदम साध्या, खर्ज नसलेल्या आवाजात म्हणाला, "लाज वाटते रे. इतकी वर्षं तिला हातात धरतोय आणि मला तिचं नावसुद्धा माहीत नाही."

"नेस्ता."

"नेस्ता. कशी होती?"

या एका प्रश्नासाठी विल्फ इटलीहून परत आल्यापासून थांबला होता. तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला, त्यानं गळ्याचा पट्टा सैल केला.

"गोड होती," तो म्हणाला. "स्वभावानं अगदी शांत. कोणाला दुखवायची नाही. आवाज छान होता तिचा, गायची. मांजरांचा लळा होता, मागच्या दारात बशीभर दूध ठेवल्याशिवाय झोपायची नाही. आणि दारात आलेल्या माणसाला तिनं कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही, कधीच नाही..."

लेथमनं कप खाली ठेवला. "विल्फ," तो हळूच म्हणाला, "ते माझं वाक्य आहे."

"काय?"

"'दारात आलेल्याला तिनं कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही, सार्जंट.' दंतवैद्याच्या सिनेमातलं. पाठ करताना जीभ अडकायची माझी, म्हणून लक्षात आहे. आणि दुधाची बशी गोदामाच्या सिनेमातली. तूच ठेवली होतीस. मांजर येईना म्हणून तू मासा आणलास."

विल्फनं विचारलं, "आणि गाणं?"

लेथमनं मान वळवली. ज्यात मेलेली बाई गाणारी होती, तो सिनेमा सर्वांत जुना होता. तो दोघांनाही आठवत होता.

विल्फनं डोळे मिटले. दुसरं काहीतरी सांगायचं म्हणून तो आत शोधू लागला. गल्लीतल्या त्या घराचं दार, त्यामागचा जिना. जिना दिसला, पण त्याला पितळी गोळे होते. स्वयंपाकघर दिसलं, तर त्याला तीनच भिंती. नेस्ता दारात उभी होती आणि सौम्य हसत होती, आणि ती फोटोतल्यापेक्षा जराही हलत नव्हती. बोल की, तो मनात म्हणाला. ती बोलली, तर लेथमच्या आवाजात.

 लोकांनी विचारलं नाही म्हणून तो जगावर रुसला होता, आणि आता एकानं विचारलं तर द्यायला त्याच्यापाशी काही नव्हतं. बॉम्बनं घर नेलं होतं. उरलेलं त्यानं स्वतः, एकेका वस्तूसारखं, उचलून सेटवर नेऊन ठेवलं होतं.

त्यानं खिशातून फोटो काढला. "घ्या," तो म्हणाला. "म्हणा काय म्हणायचं ते. ही कोण आहे ते मलाही ठाऊक नाही."

लेथमनं फोटो घेतला नाही. विल्फच उठला, सेटवर गेला, कॅलेंडरवाली बाई काढली, नेस्ताला फ्रेममध्ये घातलं आणि मिस क्विलनं दाखवलेल्या खुणेवर फ्रेम टेकवली. बॅसेटनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दिवे लागले.

खाणावळवालीचं काम ऑलिव्ह रज नावाची जाडजूड नटी करत होती. विल्फ नेहमीच्या जागी, दिव्यांच्या मागे, हातात काही न घेता उभा राहिला. लेथमनं फ्रेम उचलली. या खेपेला त्याचा हात जरा जड पडला.

"तुमचं तिच्याशी पटत नव्हतं, बाई?"

"पटायचं कसं, इन्स्पेक्टर?" ऑलिव्ह एप्रनला हात पुसत म्हणाली. "मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण बोलते. अशी तोंडाळ बाई मी जन्मात पाहिली नाही. चूक तिची, आणि ओरडणार आपल्यावर. माफी कशाशी खातात ते तिला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या अंगावर चहा सांडला हिनं, आणि वर त्यालाच म्हणते, तुम्ही मध्ये कशाला आलात?"

आणि विल्फ हसला.

गालात नाही. खो खो करून, कफ भरलेल्या छातीतून, अख्ख्या स्टुडिओला ऐकू जाईल असा हसला. कारण त्याच्या आत कुठेतरी, वरची एक खिडकी धाडकन उघडली होती आणि त्याच्या डोक्यावर चहाचा अख्खा चोथा पडला होता. कोमट, ओला, मानेतून आत जाणारा. तो सायकल धरून खाली उभा होता, रविवारचा एकुलता एक चांगला कोट घालून. वर बघितलं तर हातात रिकामी किटली घेतलेली एक मुलगी. ती घाबरली नाही, ओशाळली नाही. खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडली, "खाली उभं राहायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

ही नेस्ता. पहिल्या दिवसापासून ही. मांजर दिसलं की चप्पल फेकणारी, गायला लागली की शेजाऱ्यांनी भिंत ठोकावी अशी बेसूर, कोळशावाल्याशी वजनावरून हातघाईवर येणारी. थंडीत आपले बर्फासारखे पाय त्याच्या पोटऱ्यांना लावून, तो ओरडला की "लग्न कशाला केलं मग?" असं विचारणारी. आणि साउथएंडचा तो फोटो! ते विलग ओठ मायेनं विलग नव्हते. फोटोवाला पैसे जास्त मागत होता आणि ती त्याला काहीतरी सणसणीत ऐकवण्याच्या बेतात होती. ते ऐकवायच्या आधीच त्यानं बटण दाबलं.

"कट!" बॅसेट गरजला. "कोण हसलं? कोणाला एवढं हसू आलं?"

"मला," विल्फ डोळे पुसत म्हणाला.

ऑलिव्ह बावरली होती. "माझं काही चुकलं का हो?"

"नाही बाई. अगदी बरोबर बोललात. उलट कमीच बोललात."

पुन्हा शॉट घ्यावा लागला, बॅसेट दिवसभर कुरकुरला. लेथमनं मात्र फ्रेम परत ठेवताना फोटोकडे एकदा नीट, वाक्य नसताना बघितलं.

ते शूटिंग संपलं त्या दिवशी विल्फनं फ्रेम उघडून नेस्ताला बाहेर काढलं आणि फळीवर न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात घातलं. मिस क्विलनं पाहिलं. "अरे, सोमवारी नवा सिनेमा आहे. कोण मरणार मग?"

"दुसरी कोणी बघा," विल्फ म्हणाला. "माझी बायको एकदा मेलीय. तेवढं पुरे."

मिस क्विल चष्मा काढून पुसत राहिली.

त्या संध्याकाळी मिसेस टट यांच्याकडे उकडलेला मासा आणि पांढरा सॉस होता. टेबलावर पोस्टातले निवृत्त मिस्टर पिम आणि विल्फ. रेडिओवर पुन्हा कोणी बाई गात होती. मिसेस टट वाढता वाढता म्हणाल्या, "तुमच्या मिसेसचा आवाज असाच ना हो, मिस्टर ऑटवे?"

"नाही," विल्फ म्हणाला. "तिला गाता येत नव्हतं. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. ती गायला लागली की शेजारी भिंत ठोकायचे. आणि मांजरं तिच्या डोळ्यांसमोर नको असायची. फार भांडकुदळ होती, मिसेस टट. आमची ओळख कशी झाली माहितीय? मी सायकल घेऊन खिडकीखाली उभा होतो, तर तिनं वरून..."

त्यानं सगळं सांगितलं. चोथा, कोट, खिडकी, ती काय ओरडली ते. सांगताना त्याचे कान लाल झाले होते आणि मासा गार झाला होता. सांगून झाल्यावर तो दोघांकडे बघू लागला. मिस्टर पिम ताटलीतले काटे एका बाजूला लावत होते. मिसेस टट यांच्या हातातला चमचा तसाच राहिला होता. मेलेल्या बायकोबद्दल असं बोलणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"उद्यापण धुकं आहे म्हणतात," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो का?" विल्फ म्हणाला आणि जेवू लागला.

वर खोलीत त्यानं फोटो खिडकीशी ठेवला आणि मग तो रडला. ती गेल्याची तार इटलीत हातात पडली तेव्हाही तो असा रडला नव्हता. इतकी वर्षं तो एका गुणी, गोड, सगळ्यांना आवडणाऱ्या बाईसाठी उसासे टाकत होता, आणि ती बाई त्याची कोणी नव्हती. त्याची नेस्ता आत्ता कुठे परत आली होती, जिभेसकट, गार पायांसकट, आणि आल्या पावली मेली होती. आता पुढच्या सिनेमात ती पुन्हा मरणार नव्हती. कोणी फ्रेम उचलून तिच्याबद्दल काही बोलणार नव्हतं. जे काय होतं ते त्या एका खोलीत होतं, आणि ऐकायला तो एकटा होता.

मग त्यानं गॅसवर पाणी ठेवलं, चहा केला, एकट्यानं प्यायला. किटलीत चोथा राहिला. रोज तो खाली मोरीत नेऊन टाकायचा, कारण मिसेस टट यांचा तसा नियम होता. आज त्यानं खिडकी वर सरकवली. धुकं आत आलं. खाली कोण आहे ते न बघता त्यानं किटली पालथी केली.

खाली चोथा पडल्याचा आवाज आला. कोणी ओरडलं नाही. विल्फ रिकामी किटली हातात धरून, खिडकीबाहेर अर्धा वाकून, बराच वेळ वाट बघत राहिला.